टेकडीचे बिनपाण्याचे फोटो

आमच्या टेकडीवर फिरायला म्हणून कोणी येत नाही. येतात ते मुलींचे बाप, आणि तेही काठावरूनच परततात. त्यामुळे तिथली थंडी कशी असते, हे सांगणारा माणूस मिळणं कठीण आहे. मी नुकताच आठवडाभर राहून, कॅमेऱ्यासकट परत आलोय, तेव्हा मीच सांगतो.

टेकडी म्हणजे माझं घर. अर्जुनी मोरगाव तालुक्यात आमच्या पूर्वजांनी तलाव बांधला, तेव्हा मधला एक उंचवटा काही केल्या बुडेना. ज्याने तलाव बांधला त्याने त्याच उंचवट्यावर घर बांधलं. पाण्यावर नजर राहावी म्हणून, असं घरात सांगतात. मला वाटतं त्याचं भावकीशी पटत नसावं. जुलैपासून मार्चपर्यंत घराच्या चारही बाजूंना पाणी असतं. गावाच्या बाजूला ते अरुंद आहे. डोंग्यात बसून बांबूचे पंधरा-वीस रेटे मारले की माणूस पोचतो. बाकी तिन्हीकडे नजर दमेपर्यंत पाणीच. शहरातला माणूस याला बेट म्हणेल. माझी माय म्हणते, "बेट कायचं? टेकडी हाये. बाजूनं पानी हाये, एवढंच."

तिथे आता दोघंच राहतात, माय आणि माझा धाकटा भाऊ नरेश. नरेश तेहतीस वर्षांचा आहे. धान, लाखोरी, जवस, तलावातले शिंगाडे, सगळं नीट करतो. व्यसन नाही, बोलणंही फारसं नाही. फक्त लग्न जमत नाही. आजवर पाच घरचे पाहुणे आले. पाचही जण तलावाच्या पाळीवर उभे राहिले, पाण्याकडे पाहिलं, डोंग्याकडे पाहिलं आणि "कळवतो" म्हणून गेले. यंदा नरेशने सांगून टाकलं होतं की हे सहावं स्थळ जमलं नाही, तर शिमग्यानंतर तो टेकडीला कुलूप लावणार, मायला घेऊन गोंदियाला येणार आणि राइस मिलमध्ये कामाला लागणार. मायने यावर काहीच म्हटलं नाही. ती बोलते तेव्हा आम्हाला त्रास होतो, पण ती गप्प बसली की भीती वाटते.

सहावं स्थळ मुरारीमामाने आणलं होतं. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. तो काठावरच्या गावात राहतो आणि तालुक्यातली निम्मी लग्नं आपण जमवली असं सांगतो. मुलगी तिरोड्याकडची, वैशाली नावाची. बी.ए. झालेली, बचत गटाचं काम पाहणारी. नरेशला घेऊन आमची माणसं तिला पाहून आली होती. आता तिच्या घरच्यांनी निरोप पाठवला, की आधी घराचे आणि आजूबाजूचे फोटो फोनवर पाठवा, मग घर पाहायला येतो. गोंदियात माझा फोटो स्टुडिओ आहे, म्हणून मामाने मला फोन केला.

"सुरेश, कॅमेरा घेऊन ये. झकास फोटो पायजेत. फक्त एक ध्यान ठेव, पानी नाही दिसलं पायजे."

"मामा, टेकडीचा फोटो आन पानी नाही?"

"तू लग्नात काळ्या नवरीले गोरी करतेस नं? मंग?"

गोंदियात माझं गिऱ्हाईक काउंटरवर टेकून सांगतं, "भैया, फोटो थोडा साफ कर देना." साफ म्हणजे काय ते मी विचारत नाही, तेही सांगत नाही. वीस वर्षं मी माणसं साफ करतोय, तलाव साफ करायची ही पहिली वेळ. पौष लागायला आठ दिवस उरले होते आणि पौषात आमच्याकडे सोयरीक ठरवत नाहीत. स्टुडिओ बायकोच्या हवाली केला आणि निघालो.

गुरुवार: गाव

रेल्वेबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती आली. अर्जुनीहून पुढे ऑटोने गेलो. धान कापून झाले होते. बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, खुंट राहिले होते, आणि त्यांच्यामधून लाखोरी वर आली होती. जिथे तिथे धानाचे पुंजणे रचलेले होते, आणि मळणीयंत्राचा आवाज अख्ख्या शिवारात भरून राहिला होता.

गावात उतरलो तेव्हा माझ्या खांद्यावर कॅमेऱ्याची तिपाई होती. चौकात बसलेल्या चार माणसांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं बोलणं थांबलं. मी पाळीपर्यंत पोचायच्या आत गावात बातमी गेली होती की मोजणीवाला आला. तीन पायांवर यंत्र ठेवून जमिनीकडे पाहणारा माणूस आमच्याकडे मोजणी करतो, फोटो काढत नाही. एक म्हातारबा माझ्यामागे चालत आले.

"साहेब, बाजूच्या वावरवाल्यानं माझा धुरा हातभर सरकवला हाये. तेवढा पाहून घ्या."

"आबा, मी सुरेश. टेकडीवरचा."

त्यांनी मला नीट पाहिलं. "हाव गा, तूच हायेस. मोजनीत कधी लागला?"

फोटो काढायला आलोय, असं मी सांगितलं. कोणाचं लग्न आहे, असं त्यांनी विचारलं. लग्न नाही, थंडीतल्या तलावाचे, झाडांचे, शेताचे फोटो, असं मी म्हटलं. त्यांना माझी कीव आल्यासारखी वाटली. धुरा मात्र त्यांनी मला दाखवलाच, आणि मीही त्याचा एक फोटो काढला. धुरा सरकल्यासारखा वाटत होता खरा.

नरेश डोंगा घेऊन उभा होता. त्याने माझी बॅग घेतली, तिपाई घेतली, आणि "आला काय?" एवढंच विचारलं. आम्हा भावांमधलं हे बरंच लांब बोलणं आहे.

मायने वांगी घालून झिंगे केले होते, भात होता, आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. गोंदियात आम्ही थंडी पडली की गीझर आहे, ब्लँकेट आहे, असं एकमेकांना सांगतो आणि तरी काकडतो. इथे मातीच्या शेगडीत धानाचा कोंडा पेटवून ठेवतात. त्याला ज्वाळ नसते, पण तिच्याजवळ बसलेला माणूस उठत नाही. मी तिथेच बसून बॅटऱ्या मोजल्या आणि मायला कामाचं स्वरूप समजावून सांगितलं.

"म्हनजे पोरीले तू का दाखवून राहिला?" तिने विचारलं.

"घर."

"आन पानी?"

"पानी नाही."

ती भांडी उचलून आत गेली.

शुक्रवार, शनिवार: टेकडी

पाणी लपवणं वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. दारातून फोटो काढला की पाणी. गोठ्यातून काढला की पाणी. चिंचेच्या झाडाचा काढला, तर दोन फांद्यांमध्ये चकचकीत पाणी. घराचाच फोटो काढावा म्हणून मागे मागे सरकत गेलो, तर शेवटी मीच घोट्यापर्यंत पाण्यात उभा होतो. तो फोटो चांगला आला.

मग एक युक्ती सुचली. आडवं पडून, कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो काढला की पुढचं पीक उंच दिसतं आणि मागचं पाणी त्याआड जातं. शुक्रवारची सकाळ मी पालथा पडून काढली. नरेश गुरांना वैरण टाकून आला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला.

"दादा, काऊन लोळून राहिला?"

"चांगला कोन सापडून राहिला इथून."

तो तलावाकडे पाहत थोडा वेळ बसला. मामाची अट त्याला कोणी सांगितली नव्हती, आणि मीही सांगितली नाही. "चिखलात मुंग्या हायेत," असं सांगून तो निघून गेला. त्या होत्या.

जवसाच्या वावरात मला खरी मजा आली. जवस फुलावर होता. सकाळी जवसाची फुलं उघडतात तेव्हा अख्खं वावर निळं होतं, आणि वाऱ्याने सगळं एकदम एका बाजूला झुकतं. असं काही पाहिलं की मी पोटासाठी लोकांचे पासपोर्ट फोटो काढतो हे विसरायला होतं. मी पंचवीस-तीस फोटो काढले, त्यातला उत्तम एक निवडला, काठावर जाऊन नेटवर्क धरलं आणि मामाला पाठवला. मामाचा लगेच फोन आला.

"अरे, मधातच पानी कसं आलं?"

"मामा, तो जवस हाये."

"मले समजते जवस हाये. त्याईले समजन काय?"

"शेतकरी हायेत ते."

"फोटो पाहाताना कोनी शेतकरी नाही राहात. बदल ते."

दुपारपर्यंत जवसाची फुलं गळून जातात. दोन वाजता मी त्याच वावराचा, त्याच जागेवरून दुसरा फोटो काढला. त्यात निळं काही नव्हतं आणि बघण्यासारखंही काही नव्हतं. मामाने अंगठा पाठवला.

शनिवारी माय नवीन लुगडं नेसून आली. माणसाशिवाय फोटो असतो, हे तिला पटतच नव्हतं. मी जिथे कॅमेरा लावीन तिथे ती समोर जाऊन उभी राही, हात बाजूला सरळ, नजर थेट भिंगात. "मानसाबिगर फोटो म्हनजे उकिरड्याचा पंचनामा," असं तिचं मत होतं. तासाभराने माझ्या ध्यानात आलं की मायला योग्य जागी उभं केलं की तिच्यामागे साधारण दोन एकर पाणी झाकलं जातं. त्या दिवशी मायचे अकरा फोटो काढले. ती एकाही फोटोत हसली नाही. दुपारी जेवताना तिने जवसाची चटणी वाढली आणि म्हणाली, "माझ्या आड का लपवून राहिला, ते समजलं मले." मी मान खाली घालून भात खाल्ला. चटणी फार चांगली झाली होती.

रविवार: धुई

धुक्याला आमच्याकडे धुई म्हणतात. रविवारी सकाळी सहाला दार उघडलं तर बाहेर जग नव्हतं. अंगण होतं, तुळस होती, गोठ्याचा एक खांब होता. बाकी सगळं पांढरं. पाणी नाही, पाळ नाही, गाव नाही. पलीकडून कोंबडा आरवला, तो दुसऱ्या जिल्ह्यात असल्यासारखा वाटला. कुठूनतरी बदकांचा कलकलाट येत होता, पण बदकं दिसत नव्हती.

लहानपणी धुई पडली की बाबा डोंगा काढत नसत आणि आमची शाळा बुडायची. आम्ही दोघं भाऊ शेगडीजवळ बसून उकडलेले शिंगाडे खायचो. त्या सकाळी मला तेच आठवलं, आणि मला फार बरं वाटलं. पाणी लपवायचं होतं म्हणून नव्हे, तर आपलं घर सुंदर आहे हे चाळिशी उलटल्यावर कळलं म्हणून. मी भरपूर फोटो काढले. भिंगावर दव बसत होतं, ते मी मायच्या लुगड्याच्या पदराने पुसत होतो, आणि ती पदर ओढून घेत होती.

दहाच्या सुमाराला काठावर जाऊन ते फोटो मामाला पाठवले. दुपारी मामा स्वतः टेकडीवर आला.

"तिच्या बापाले लय पसंत आले. म्हने, थंड हवेचं ठिकान वाटते." मग त्याने आवाज खाली आणला. नरेश शिंगाडे तोडायला गेला होता. "सुरेश, ही धुई किती वाजेपर्यंत राहाते?"

फोटोवाल्याने प्रकाशाची वेळ लिहून ठेवावी, असं मला शिकवलेलं आहे. मी आजची वेळ सांगितली, साडेनऊ. तलावावरची धुई अजून तीन-चार दिवस अशीच राहील, असंही सांगितलं. मामा खूश झाला.

"मंग बुधवारी सकाळी साताले आनतो त्याईले. गावाच्या बाजूनं पानी एवढंसं हाये. नाला हाये म्हनतो. नवाच्या आत साखर होऊन जाईन."

आमच्याकडे दोन्ही बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांच्या तोंडात साखर घातली की शब्द दिला असं धरतात. तो मग धुई उठो की घर उठो, फिरवत नाहीत. मामाचा बेत पक्का होता. मी त्याला नाही म्हणायला हवं होतं. पण मला नरेशचं लग्न व्हायला हवं होतं, आणि टेकडीला कुलूप लागलेलं नको होतं. मी गप्प बसलो. त्या आठवड्यात माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम तेच.

मंगळवार: प्रतापगड

सोमवारी सांडव्याकडे गेलो होतो, तिथे चिखलात माझी एक चप्पल राहिली. तिच्याबद्दल जास्त काही सांगता येणार नाही, कारण ती नंतर दिसली नाही.

मंगळवारी नरेशच्या मोटारसायकलवर प्रतापगडला गेलो. इतिहासातला तो नव्हे, हा आमच्या तालुक्यातला, दर्ग्याचा डोंगर. उंचावरून आमचा तलाव दिसतो असं गावात सगळे सांगतात, आणि तसा एक फोटो मला स्वतःसाठी हवा होता. वर गेल्यावर दिसलं की उन्हात दहा-बारा तलाव चमकतायत. त्यातला आमचा कोणता, यावर आम्हा दोघांचं एकमत झालं नाही. मी त्यातल्या तीन तलावांचे फोटो काढले, त्यात आमचा असेल.

दर्ग्यापाशी फुलं विकणाऱ्या एका बाईने नरेशला थांबवलं. "क्या माँगना है, भैया?"

मी म्हटलं, "इसकी शादी."

"तो नाम-गाँव के साथ साफ माँगना. नहीं तो मन्नत किसी और को लग जाती है. पिछले साल एक आया था, शादी उसके साथवाले की हो गई."

नरेशने फुलं घेतली. आत गेल्यावर तो बराच वेळ ओठ हलवत उभा होता. नाव-गाव, तालुका, सगळं सांगितलं असावं.

खाली उतरताना मी विचारलं, "पोरगी कशी वाटली तुले?"

तो पाच-सहा पायऱ्या उतरला. मग म्हणाला, "तिनं पोहे आनून देल्ले. म्हनली, गरम हायेत, हळू खा."

"मंग?"

"मंग हळू खाल्ले."

तेहतीस वर्षांत त्याने कोणत्याही माणसाबद्दल एवढं सांगितलं नव्हतं. मी त्याच्या पाठीकडे पाहत उतरत होतो, आणि मला त्याच्याबद्दल इतकं वाटलं की गळ्यातला कॅमेरा जड झाला. गाडीला किक मारण्याआधी तो वळला.

"दादा, त्याईले पानी मालूम हाये नं?"

"मामानं सांगितलं असन," मी म्हटलं. मामाने सांगितलं नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

बुधवार: टेकडी

बुधवारची धुई आठवड्यातली सगळ्यात दाट होती. सातला नरेश डोंगा घेऊन काठावर गेला, मीही सोबत गेलो. मामा पाहुण्यांना घेऊन आला: मफलर गुंडाळलेले वैशालीचे वडील, तिची आई, आणि स्वतः वैशाली. मुलगी घर पाहायला येत नाही, असा आमच्याकडचा रिवाज. "राहायचं हाये तिले, आमाले नाही," असं तिच्या वडिलांनी मामाला सांगितलं होतं.

डोंग्यात बसताना ते म्हणाले, "पानी हाये काय इथं?"

"लहानसा नाला हाये," मामा म्हणाला. "उन्हाळ्यात तं पायी येता येते."

त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं. नरेशच्या हातातला बांबू मधेच थांबला. त्याने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी धुईकडे पाहिलं. त्याने पुन्हा रेटा मारला. पंधरा-वीस रेट्यांत आम्ही टेकडीला लागलो, आणि पाहुण्यांना खरंच नाला ओलांडल्यासारखं वाटलं असणार.

मायने पोहे दिले, तांदळाच्या पिठाची धिरडी दिली, चहा दिला. वैशालीच्या वडिलांनी शेतीची चौकशी केली. मामाने धुईत हात फिरवून सांगितलं, "हे सगळं." ते समाधानाने मान हलवत राहिले. तिच्या आईने विचारलं, शेजारपाजार कसा आहे. मामा म्हणाला, "लय शांत." बदकं ओरडली. "बदकं पाळता काय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामाने सगळ्यांना आणखी चहा घ्यायला सांगितलं.

वैशाली कमी बोलत होती. मायसोबत चुलीपाशी गेली, गोठा पाहून आली, पाण्याचा माठ कुठे ठेवलाय ते पाहिलं. मी कॅमेरा गळ्यात घालून उभा होतो, पण एकही फोटो काढला नाही.

साडेआठला मामाने घसा खाकरला. "तं मंग, गोड करू."

मायने साखरेची वाटी आणली. वैशालीच्या वडिलांनी चिमूटभर नाही, चांगली मूठभर साखर घेतली. मोठ्या मनाचा माणूस होता. मामाही पुढे सरकला.

"काकाजी, थांबा," नरेश म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याला घाम आला होता, एवढ्या थंडीत.

"धुई उठू द्या. मंग साखर खा."

"काऊन?" वैशालीच्या वडिलांनी विचारलं.

"तुमी अजून घर पाह्यलं नाही."

मामाने "पोट्टं भोळं हाये" म्हणून हसायचा प्रयत्न केला. कोणी हसलं नाही. वैशालीच्या वडिलांनी साखरेची मूठ तशीच मिटली आणि खाटेवर बसून राहिले. आम्ही सगळे बसून राहिलो.

माझ्या नोंदीप्रमाणे धुई साडेनऊला उठायची होती. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. मामा माझ्याकडे असा पाहत होता, जणू धुई मी भाड्याने आणली होती. दहा वाजून गेले. पाहुणा माणूस किती वेळ पांढऱ्या भिंतीकडे पाहत बसू शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

मग सूर्याचा एक फिका ठिपका दिसला. आधी चिंच दिसू लागली, मग पुंजणा, मग जवसाचं वावर, फुलांसकट, निळंशार. "वा!" वैशालीची आई म्हणाली. आणि त्या निळ्याच्या मागे दुसरं निळं उघडत गेलं. ते संपेचना. बदकं दिसली, शेकड्याने, पाण्यावर. पलीकडच्या बाजूची पाळ दिसली, फार लांब, काडीएवढी.

वैशालीचे वडील उठले. पूर्वेला चालत गेले आणि परत आले. दक्षिणेला गेले आणि परत आले. मग पश्चिमेला. गावाच्या बाजूला त्यांना जावं लागलं नाही, तिकडूनच ते आले होते.

"हा नाला?" त्यांनी मामाला विचारलं.

"त्याच नाल्याचं पानी हाये हे," मामा म्हणाला.

मला माझ्या भावाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि स्वतःची इतकी लाजही. नरेश अंगणात हात बांधून उभा होता. पाच घरचे पाहुणे काठावरूनच गेले, तो नकार काठावरच राहिला, म्हणून त्याला सोसला होता. आज तो आपल्याच अंगणात उभा राहून, जिने त्याला हळू खा म्हटलं होतं, तिच्या तोंडून "कळवतो" ऐकायची वाट पाहत होता.

वैशाली पुढे आली. ती आपल्या वडिलांशी नाही, सरळ त्याच्याशी बोलली.

"दवाखान्यात जायचं झालं तं?"

"डोंगा दारात राहाते. त्या काठावर मोटारसायकल राहाते."

"तुमी घरी नसले तं?"

"माय वल्हवते. अजून वल्हवते."

"वारा सुटला तं?"

नरेशने क्षणभर विचार केला. मामाने डोळ्यांनी त्याला किती खुणा केल्या, त्या मोजता आल्या नसत्या. "मंग नाही जाता येत. थांबा लागते."

ती पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने विचारलं, "तुमाले पोहता येते?"

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मामा सोडला तर आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. मायने आम्हाला लहानपणी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरू दिलं नाही. बाबांना त्यांच्या आईने उतरू दिलं नव्हतं. इतक्या पिढ्या पाण्याच्या मधोमध राहिलो, पण आमच्यापैकी एकालाही पोहता येत नाही. गावाला वाटतं आम्ही मासोळ्यांसारखे पोहत असू, आणि आम्ही ते कधी खोडून काढलं नाही.

मामाने डोळे मिटून घेतले.

"नाही," नरेश म्हणाला.

माय दाराची चौकट धरून उभी होती.

"मले येते," वैशाली म्हणाली. मग तिने वडिलांच्या मिटलेल्या मुठीकडे पाहिलं. "बाबा, साखर भिजून राहिली."